बारा एकर माळ, चार गायी, तीस मेंढ्या: चराईचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जत तालुक्यात आमचं १२ एकर माळरान आहे. मुरमाड, उताराचं, खालच्या अंगाला ओढ्याकाठी दीड एकर काळी. ४ खिल्लार गायी आणि ३० माडग्याळ मेंढ्या. पावसाळ्यात जनावरं रोज माळावर असतात, तरी दसऱ्याला माळ उघडा पडतो. कुसळ गवत आणि तरोट्याचं तण दरवर्षी वाढतंय, मेंढ्या अंग धरत नाहीत. कुणी सांगतं तीन वर्षं पूर्ण चराईबंदी करा, कुणी सांगतं सगळं नांगरून नेपियर (हत्ती गवत) लावा. काय करू?"

दोन्ही करू नका. मात्र त्याआधी एक हिशेब करा, कारण तो न करताच सगळे सल्ले दिले जातात.

लाकडी पट्ट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट बनवा. भाद्रपदात माळावर दहा ठिकाणी ती टाका. चांगली जागा बघून टाकायची नाही, चालता चालता टाकायची. चौकटीतलं गवत कापून उन्हात खडखडीत वाळवा, वजन करा, दहाची सरासरी काढा. चौरस मीटरला जितके ग्रॅम, त्याच्या चौपट किलो एकरी. म्हणजे १०० ग्रॅम भरलं तर एकरी ४०० किलो. तुमच्यासारख्या मुरमाड, रोज चरलेल्या माळावर मला साधारण एवढंच भरलेलं दिसतं. तुमचा आकडा वेगळा आला तर तोच खरा धरा.

आता खाणारी तोंडं. जनावर दिवसाला वजनाच्या दोन-अडीच टक्के सुका चारा खातं, मेंढी थोडा जास्त. गाईला ८ किलो, मेंढीला किलोभर धरू. दिवसाचे झाले ६२ किलो, वर्षाचे साडेबावीस टन. माळावर आहेत १२ गुणिले ४००, म्हणजे ४,८०० किलो. त्यातलं निम्मंच खायचं असतं (का ते पुढे सांगतो). उरले २,४०० किलो. भागिले ६२. एकोणचाळीस दिवस.

मृगाला सोडलेली जनावरं श्रावण उजाडायच्या आतच तुमच्या वाट्याचं गवत संपवतात. नंतर दसऱ्यापर्यंत ती जे खातात ते पुढच्या वर्षाच्या मुळांतलं असतं.

आणि हे आताच सांगून टाकतो: माळ सुधारून एकरी १,३०० किलोवर नेला, जे चार-पाच वर्षांत होऊ शकतं, तरी निम्म्याच्या हिशेबाने तो तुम्हाला सव्वाशे दिवस पुरेल. चार महिने. उरलेले आठ महिने कडबा, भुसकट, बांधावरचं गवत आणि मेंढ्यांना पीक निघालेली रानं यांवरच काढायचे आहेत. वर्षभर फुकटात जनावर पोसेल असा माळ आपल्या पाचशे मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात होत नाही.

आता निम्म्याचं कारण. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर यांनी १९५५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गवताचा वरचा भाग वेगवेगळ्या प्रमाणात कापायचा आणि खाली मुळं काय करतात ते बघायचं. चाळीस टक्क्यांपर्यंत कापलं तर मुळांची वाढ थांबली नाही. साठ टक्के कापलं तर निम्मी मुळं थांबली. ऐंशी टक्के कापलं तेव्हा सगळीच थांबली, तीही बारा दिवस. पान खाल्लं की झाड मुळांकडचा शिल्लक माल वर ओढून नवी पानं काढतं. ती पानं मोठी होऊन कमवायला लागली की मुळांना परतफेड करतं. परतफेडीआधीच दुसऱ्यांदा तोंड लागलं तर मूळ आखडतं. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात आखडलेलं मूळ म्हणजे जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत वाळलेला ठोंब.

तुमच्या माळावर नेमकं काय होतंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर एक दिवस गाईंच्या मागे फिरा. जनावर कोवळं शोधतं. काल खाल्लेल्या मारवेल गवताला चार दिवसांनी बोटभर फूट आली की ते पुन्हा त्याच ठोंबावर जातं. कुसळाला तोंड लावत नाही, तरोट्याकडे बघत नाही. म्हणजे एकाच माळावर मारवेल महिन्यात पाचदा खाल्ला जातो आणि कुसळ एकदाही नाही. माळावर जनावरं जास्त झाली असं आपण म्हणतो, पण निम्मी जनावरं विकली तरी हा प्रकार थांबत नाही. उरलेली निम्मी मारवेलच शोधत फिरतात. फ्रान्सचे आंद्रे व्हॉइसिन यांनी हीच गोष्ट सत्तरएक वर्षांपूर्वी मांडली होती: गवताला किती जनावरं लागली यापेक्षा ती किती दिवस थांबली आणि किती दिवसांनी परत आली यावर त्याचं जगणं ठरतं. आपल्याकडच्या जुन्या मेंढपाळांना हे मांडायची गरज पडली नाही, कारण त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, एका जागी टिकतच नव्हता. वाडा थांबला, मेंढी बांधावर आली आणि माळाची सुट्टी संपली.

१९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ भागांचे पाच प्रकार केले. दख्खनचा माळ त्यात शेडा-मारवेलाच्या गटात येतो. म्हणजे मोकळीक मिळाली तर तुमच्या मुरमावर शेडा, पवन्या, डोंगरी ही चांगली गवतं आणि खालच्या काळीत मारवेल उभा राहील. चराईचा ताण वाढला की आधी हे जातात, मग कुसळ येतं, त्याहून वाढला की वर्षायू बारीक गवत आणि शेवटी तरोटा, रानतुळस, गाजर गवत. तुम्ही कुसळ-तरोट्याच्या पायरीवर आहात. खाली आहात, पण तळाला नाही. कुंपणाच्या काट्यांत, बोरीच्या जाळीत हात घालून बघा; जिथे तोंड पोचत नाही तिथे पवन्याचे ठोंब अजून सापडतील. सापडले तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे, बी जागेवरच आहे.

पहिलं वर्ष

वरच्या ८ एकरांत यंदा मृगापासून एकही तोंड जाऊ देऊ नका. खालचे ४ एकर जनावरांना. त्या चारांची यंदा दैना होईल हे मान्य करून चाला. पुढच्या वर्षी ते बंद ठेवायचे आहेत. गायींना सकाळी दावणीला कडबा द्या, दुपारनंतर चार तास सोडा. मेंढ्या तशाही गावाच्या पड रानांत फिरत असतील.

बंद भागात दोन कामं. टक्कल पडलेल्या जागी बी टाकणं आणि उतारावर पाणी अडवणं.

बियांबाबत माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात अंजन गवताचं बी मी दिवाळीत गोळा केलं आणि पुढच्या मृगाला मोठ्या हौसेने सहा एकरांवर फेकलं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं उगवली. या गवतांचं ताजं बी झोपलेलं असतं, बऱ्याचदा वर्षभर. जुनं बी घ्या. एकरी दोन किलो पुरतं, ओल्या मातीत किंवा शेणात कालवून टाका म्हणजे वाऱ्याने उडत नाही, आणि मातीआड खोल गाडू नका. वरून बाभळीची फांदी ओढली की झालं. (अंजन गवत मागितलं आणि दुकानदाराने अंजनाच्या झाडाचं बी दिलं, असंही एकाच्या बाबतीत झालंय. नाव एकच, जपून मागा.) मारवेल बियांपेक्षा ठोंबांनी लवकर लागतो, पण त्याला जरा बरी माती लागते, तेव्हा तो ओढ्याच्या बाजूला. सोबत स्टायलो टाकाच, एकरी दोन-तीन किलो. ते कडधान्याच्या कुळातलं आहे, हलक्या मुरमात तग धरतं, हवेतला नत्र मुळांवाटे जमिनीत आणतं आणि माघात गवत वाळून गेल्यावरही हिरवं राहतं. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं. उकळीच्या खालच्या कडकडीत पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढा, नाहीतर ते दोन-तीन वर्षं हप्त्याहप्त्याने उगवतं. बियाण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आधी चौकशी करा, झाशीची चारा संशोधन संस्था लांबचा पर्याय.

पाण्यासाठी सलग समतल चर काढा, पण जेसीबीवाल्याच्या अंदाजाने नव्हे, ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची ओळंबा लावलेली चौकट) किंवा पाणी भरलेल्या नळीने समपातळी काढून. चर तिरका गेला तर तोच ओघळ होतो. चराच्या खालच्या भरावावर गवताचे ठोंब लगेच लावा. वर दोन बोटं मातीच असेल तिथे चर काढूच नका, नुसती दगडांची ओळ घाला. मुरूम उपसून वर आणण्यात काही मिळत नाही.

कुसळ निसवायच्या आधी विळ्याने कापून गोठ्यात न्या. कोवळेपणी जनावरं ते खातात. एकदा त्याचं अणकुचीदार टोक वाळलं की ते लोकरीत शिरतं, कातडीत शिरतं, हिरड्यांत रुततं. मेंढ्या अंग न धरण्याचं एक कारण तुम्हाला इथेही सापडेल. कार्तिकात एखादीचं तोंड उघडून बघा.

बंद भागातलं बाकीचं गवत फुलोऱ्यात असताना दोन तृतीयांश कापा, जमिनीपासून चार बोटं ठेवून. एक तृतीयांश पट्टे बी गळेपर्यंत उभे ठेवा. आपल्या भागात सप्टेंबरचा पाऊस मोठा, त्यामुळे उत्तरा-हस्तात गवत दुसऱ्यांदा जोर धरतं; कापणीची घाई पोळ्याला करू नका.

दुसऱ्या वर्षापासून

इथे खरी चराई सुरू होते. वरच्या ८ एकरांचे एकेक एकराचे आठ तुकडे पाडा. पक्कं कुंपण नको, परवडणार नाही. मेंढपाळांची वाघर असते तसलं जाळं आणि चार-सहा मेखा पुरतात. गायींसाठी सौर बॅटरीवरची एक तार चालते, पण मला स्वतःला राखण करणारा पोरगा तारेपेक्षा खात्रीचा वाटतो.

नियम मी तीनच पाळतो. गवत वीतभर झाल्याशिवाय तोंड लावायचं नाही. चार बोटं उरली की जनावर बाहेर. आणि त्या तुकड्यात किमान पाच आठवडे परत यायचं नाही. पाऊस चांगला असेल तर पाच, उघडीप पडली तर सात-आठ. उघडिपीत लोक उलटं करतात: गवत वाढत नाही म्हणून फेरी लवकर फिरवतात. त्याच आठवड्यांत माळ मरतो. तेव्हा फेरी थांबवून दावणीला कडबा टाकायचा असतो. तो उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेला असतो म्हणून जीवावर येतं, मलाही येतं.

एका एकरात मुक्काम तीन-चार दिवस, त्याहून जास्त नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिल्या दिवशी खाल्लेल्या ठोंबाला फूट यायला लागते. आधी गायी सोडा, शेवटच्या दिवशी मेंढ्या. गाय जीभ गुंडाळून गवत तोडते, खाली काहीतरी राहतं. मेंढीचा ओठ दुभंगलेला, ती जमिनीलगत कुरतडते. मेंढ्या आधी सोडल्या तर गायींना राहत नाही आणि गवतालाही राहत नाही. जागा कमी मिळाली की जनावर निवडक खाणं सोडतं, कोवळ्या कुसळालाही तोंड लावतं. तुकडे पाडण्याचा निम्मा फायदा तर हाच आहे.

आठपैकी एक-दोन तुकडे दरवर्षी बियांसाठी राखीव, आलटून पालटून.

हे वाचून तुम्ही म्हणाल, सहा तुकडे गुणिले चार दिवस म्हणजे चोवीसच दिवस झाले, पाच आठवडे कुठून आले? बरोबर आहे. उरलेले दिवस जनावरं माळाबाहेर असणार: दावणीला, खालच्या भागातून कापून आणलेल्या गवतावर, मेंढ्या शेजाऱ्याच्या रानात. चौथ्या-पाचव्या वर्षी माळ भरला की ती सोय कमी लागेल. पहिल्या दोन वर्षांत दोन-चार मेंढ्या विकायची वेळ आली तर विका. म्हाताऱ्या आणि दोन वर्षं न व्यालेल्या आधी.

मातीचं

मातीच्या परीक्षणाचे कागद आणून ठेवा, पण माळाची तब्येत मला पाण्याने कळते. साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून जमिनीत चार बोटं ठोका, त्यात ४५० मिली पाणी ओता. हा झाला एक इंच पाऊस. मुरायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. एकदा उघड्या माळावर, एकदा बोरीच्या जाळीखाली. फरक बघून तुम्हाला आपसूक कळेल की पाऊस कमी पडतो की कमी मुरतो.

उघड्या जमिनीवर थेंबाचा मार बसून वरचा थर सिमेंटसारखा बसतो. वर उभं गवत आणि खाली पडलेला पालापाचोळा असेल तर थेंब फुटतो, गांडुळं आणि वाळवी भोकं पाडतात. (वाळवीला माळावर शत्रू समजू नका. वाळलेलं खोड मातीत नेणारं दुसरं कोण आहे तिथे?) म्हणून निम्मं ठेवायचं ते गवत वाया जात नाही. त्यातलं काही मुळांना, काही मातीला.

ओढ्याकाठच्या काळ्या दीड एकरात ओल असताना जनावर सोडू नका. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने फुटत नसेल तर खूर तिथे खड्डा करतोय आणि खालची माती घट्ट करतोय. मुरमाला एवढी भीती नाही.

रात्री मेंढ्या बसवायच्या त्या टक्कल पडलेल्या जागांवरच. वाघर एका जागी दोन रात्री, मग पुढे. लेंडी, मूत, खुरांनी मोडलेला कडक थर, तिन्ही गोष्टी एकदम मिळतात. शेतकरी मेंढपाळाला पैसे किंवा धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि स्वतःच्या मेंढ्या मात्र वर्षभर गोठ्यामागे एकाच जागी बांधतात, याचं मला कायम आश्चर्य वाटत आलंय. गव्हाणीतली चघळ उकिरड्यावर न टाकता याच टकलांवर पसरा.

शेण माळावर पडलं की दोन-तीन दिवसांत शेणकिड्यांनी ते खाली न्यायला हवं. जनावरं फिरत असताना ते जागच्या जागी वाळून थापी होत असेल तर किडे गेलेत. त्याचं एक कारण आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं इंजेक्शन. ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. जंतनाशक बंद करा असं म्हणत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण-लेंडी तपासून घ्या, गरज असेल त्यालाच द्या, आणि दिल्यावर आठ-दहा दिवस ते जनावर गोठ्यात ठेवा.

जंतांचाही या फेऱ्यांशी संबंध आहे. लेंडीतल्या अंड्यातून निघालेली अळी पावसाळ्यात साधारण आठवडाभरात पात्यावर चढायच्या अवस्थेला येते आणि बहुतेक अळ्या खालच्या दोन-तीन बोटांत असतात. तीन-चार दिवसांत जागा बदलली आणि चार बोटांखाली चरू दिलं नाही तर बरेच जंत पोटात जातच नाहीत. पाच-सहा आठवड्यांत सगळ्या अळ्या मरतात असं नाही, तेव्हा मेंढीच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडतेय का हे बघत राहा.

आंत्रविषाराची (मेंढ्या अचानक मारणारा आतड्याचा रोग) लस वैशाखात, मृगाच्या आधी. पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर उपाशी मेंढ्या सोडल्या आणि सकाळी दोन मेलेल्या सापडल्या, ही गोष्ट दरवर्षी ऐकतो. सोडण्याआधी पोटात थोडा कडबा असू द्या.

माघानंतर वाळलेल्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना काम करायला सातेक टक्के लागतात. म्हणजे पोट भरलेलं दिसतं आणि जनावर वाळत जातं. तिथे स्टायलो, सुबाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा, मूठभर शेंगदाणा पेंड. पेंड महाग पडते हे खरं, पण गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना दिलेली पेंड कोकराच्या वजनात परत दिसते.

वणवा लावू नका, लागू देऊ नका. जाळल्याने गवत जोमाने येतं हा समज पार सह्याद्रीपासून इकडे पसरलेला आहे. फूट हिरवीगार दिसते हे खरं, पण आगीला सगळ्यात चांगलं टिकणारं गवत कुसळच आहे. त्याचं बी स्वतःला मातीत पिरगाळून घेतं आणि आगीतून वाचतं. दरवर्षी जाळणारा माणूस दरवर्षी कुसळ पेरत असतो. माघाआधी हद्दीने दोन मीटरचा जाळपट्टा विळ्याने साफ करून ठेवा.

आता चराईबंदीचं. हिवरे बाजारने १९९४ नंतर, त्याआधी राळेगणसिद्धीने, कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी केली आणि डोंगर हिरवे झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते गाव म्हणून झालं आणि तिथे गवत कापून नेणं चालू होतं. खासगी माळ तीन वर्षं नुसता बंद ठेवला तर तिसऱ्या वर्षी जुनी करडी पाती ठोंबाला गळ्यापर्यंत गुंडाळतात, नवी फूट सावलीत गुदमरते आणि एका बिडीत सगळं जातं. माझ्या ओळखीच्या दोन माळांचं असंच झालं. उलट टोकाला झिम्बाब्वेचे ॲलन सेवरी आहेत. मोठा कळप दाटीने फिरवला की वाळवंटही हिरवं होईल असं सांगतात. त्यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद आहे आणि आपल्या चार गायींचा कळप तसाही होत नाही. फिरवण्याची कल्पना घ्या, चमत्कार सोडा.

राहिलं नेपियर. त्याला बारमाही पाणी आणि भरपूर खत लागतं. विहिरीजवळ पाच गुंठे जरूर लावा, उघडिपीतल्या कडब्यावरचा भार तेवढाच हलका होईल. माळ नांगरू नका. मुरमावरचे पवन्याचे ठोंब एकदा उपटले तर पुन्हा लावायला मी तरी येणार नाही.